डावीकडे सात, खाली आठ

श्रावणातला तिसरा सोमवार म्हणजे ओतुरात मुंगीला शिरायला जागा नसते. कपर्दिकेश्वराची यात्रा, आखाड्यातल्या कुस्त्या, खेळण्यांच्या पिपाण्या, आणि वरून पावसाची भुरभुर... असा दिवस कुणी कामासाठी निवडत नाही. संस्कृती नावाच्या पोरीनंही निवडला नव्हता. तिच्यावर तो आला होता.

राजुरीहून निघालेल्या एसटीत कंडक्टरनं तिच्या खांद्यावरची लांबलचक काळी पिशवी बघून विचारलं होतं, "पोरी, सतार हाय का काय?"

"व्हय, सतारच," ती म्हणाली आणि खिडकीकडं तोंड करून बसली. आत आबांची छर्ऱ्याची बंदूक होती. स्टँडवर उतरल्यापासून तिनं हार्डवेअरची तीन दुकानं पालथी घातली होती. सगळ्यांकडचे स्क्रू ड्रायव्हर ट्रॅक्टर खोलायच्या लायकीचे. शेवटच्या दुकानदारानं बंदुकीचा ढिला झालेला स्क्रू डोळे बारीक करून पाहिला आणि म्हणाला, "ताई, एवढा बारका पेच आपल्याकडं न्हाई. चष्मेवाल्याकडं जावा."

म्हणून ती 'जानकू ऑप्टिकल्स'ची पायरी चढली, ओढणीच्या टोकानं कपाळावरचं पाणी पुसत.

काउंटरमागं एक तरुण बसला होता. कानावर पेन्सिलीसारखा अडकवलेला बारीक स्क्रू ड्रायव्हर, हातात कुणाच्यातरी चष्म्याची काडी, आणि स्वतःच्या नाकावर घसरलेला चष्मा. त्यानं मान वर न करताच विचारलं, "नंबर काढायचाय?"

"नाय. स्क्रू आवळायचाय."

"फ्रेम द्या."

तिनं पिशवीची चेन ओढली. बाकावर चष्म्याची वाट बघत बसलेल्या एका म्हातारीनं दोन्ही पाय उचलून बाकावर घेतले. "अगं बया! बंदूक हाय की!"

"आजी, छर्ऱ्याची आहे. आत काही नाय, हे बघा," संस्कृतीनं नळी बिजागरीवर मोडून दाखवली. मग त्याच्याकडं वळून म्हणाली, "ही मागची खाच ढिली झालीय. आळेफाट्याच्या खड्ड्यांनी केलं. आवळून द्या, पण... हलवायची नाय. केसभर पण नाय."

आता कुठं त्या तरुणानं मान वर केली. त्याचं नाव ऋषी. बंदुकीकडं बघायचं सोडून तो क्षणभर तिच्याकडंच बघत राहिला, मग घाईघाईनं चष्मा वर सरकवला.

बंदुकीला दुर्बीण नव्हती. नळीच्या टोकावर उभी लोखंडी काडी, तिला म्हणायचं माशी. आणि डोळ्याजवळ लोखंडाचीच एक खाच. खाचेतून माशी बघायची, माशी निशाण्याखाली टेकवायची, चाप ओढायचा. खाचेच्या पट्टीवर लाल ऑइलपेंटचा एक ठिपका होता.

"हा ठिपका?"

"आबांनी दिलेला. माझे आजोबा. खाच तिथंच पाहिजे."

ऋषीनं कानावरचा स्क्रू ड्रायव्हर काढला, खाच ठिपक्यावर आणली आणि श्वास रोखून स्क्रू आवळला. संस्कृतीनंही श्वास रोखला होता हे तिला नंतर कळलं, दोघांनी एकदमच सोडला तेव्हा. तो हसला. ती हसली नाही, पण हसू आवरायला तिला ओठ दाबावे लागले.

पिशवीत बंदूक घालताना आतलं एक टार्गेट कार्ड खाली पडलं. ऋषीनं उचललं. काळ्या गोलाच्या बाहेर, वरच्या अंगाला उजवीकडं, पाच भोकं एकमेकांना चिकटून बसली होती.

"हे कुणी मारलं?"

"मीच." तिनं हात पुढं केला. "द्या इकडं. लई वाईट आहे, माहितेय मला."

"वाईट?" त्यानं कार्ड दिलं नाही. पाची भोकांवर अंगठा टेकवला. सगळी झाकली गेली. "ओ मॅडम, तुमचा नेम एक नंबर आहे. फक्त शेजारच्या घरी जातोय."

तिला आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं. घरच्यांनी नाही, बरोबरच्या पोरींनी तर नाहीच. ती त्याच्याकडं बघतच राहिली.

"मी कॉलेजात एनसीसीला होतो," ऋषी सांगू लागला. "आमचे सर म्हणायचे, आधी गोळ्या एका जागी पाडा, मग खाच सरकवा. तुमच्या तर एका जागी पडतायतच. खाच डावीकडं आणि खाली घ्या, झालं काम!"

"जया मॅडम पण सहा महिने तेच सांगून थकल्या. आमच्या कोच. त्यांनी सरळ नेम धरायला लावला तेव्हाचं हे कार्ड आहे." संस्कृतीनं मान हलवली. "पण आबांनी लावलेला नेम आमच्यात कुणी हलवत नाय. आम्ही डावीकडं खाली वाईच धरून मारतो. वानरं हाकलताना माझा चुलताही तसंच करतो."

"वाईच म्हणजे किती?"

"वाईच म्हणजे... वाईच."

"आज वाईच, उद्या वाईच आणि परवा जरासं जास्त. कार्डावर मार्क कसे पडायचे, राव?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून पडदा सारून ऋषीचे वडील, जानकूअण्णा, बाहेर आले. "कुठली गं तू, पोरी?"

"राजुरीची."

"भिमाजीबाबांची नात तर न्हाई? बंदुकीचं नाव निघालं म्हणून इचारतो. आमच्याकडंच चष्मा व्हता त्यांचा." अण्णांनी फळीवरची जुनी वही काढली, थुंकी लावून पानं उलटली. "हे बघ. भिमाजीबाबा, राजुरी. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकल्याला. ऑपरेशन करा म्हणून लई सांगितलं, ऐकलं न्हाई. मान वाकडी करून डाव्या डोळ्यानं पेपर वाचायचे, आन् मला म्हणायचे, घरी सांगू नको."

संस्कृतीनं वहीतल्या त्या ओळीवर बोट टेकवलं. आबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. उजव्या डोळ्यानं त्यांना दिसत नव्हतं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

ऋषीनं बंदूक हळूच हातात घेतली, दस्ता उजव्या खांद्याला लावला आणि मान झुकवून डाव्या डोळ्यानं खाचेतून पाहायचा प्रयत्न केला. बंदूक आपोआप डावीकडं कलली. "हे बघा," तो हळू आवाजात म्हणाला. "कलती बंदूक डावीकडं खाली मारते. म्हणून त्यांनी खाच उजवीकडं वर घेतली. त्यांचा नेम बरोबरच होता. तुम्ही सरळ धरता म्हणून तुमचा जुळत नाही."

बाहेर पिपाण्या वाजत होत्या. संस्कृतीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला तिनं विनाकारण पिशवीची चेन उघडली, लावली.

"पुढच्या महिन्यात पुण्याला निवडीची स्पर्धा आहे," ती म्हणाली. "तिथं नाय जमलं तर घरचे म्हणतात बास आता, बंदूक माळ्यावर टाक. पण तो ठिपका सोडायचा म्हणजे... आबांचा हात पुसल्यासारखं वाटतं हो."

ऋषीनं लाल ठिपक्याकडं पाहिलं. मग त्यानं काउंटरवरून नंबराच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं. "खाच सरकवताना टिक-टिक वाजते ना? किती टिक सरकवल्या ते आपण लिहून ठेवू. मनात येईल तेव्हा तेवढ्याच उलट फिरवायच्या की परत आबांच्या ठिपक्यावर. काही पुसलं जाणार नाही."

काही पुसलं जाणार नाही... आता खरं सांगायचं तर संस्कृती त्याच वाक्याला त्याच्या प्रेमात पडली. पण तिला स्वतःला हे कळायला आश्विन उजाडावा लागला. पोरी हुशार असतात, पण स्वतःच्या बाबतीत जरा उशिराच.

मंगळवारी दुकान बंद असतं. ऋषी मोटरसायकलवरून राजुरीला आला. जया मॅडमनी रिकाम्या पोल्ट्री शेडमध्ये नेमबाजीची रेंज केली होती. कोंबड्या जाऊन चार वर्षं झाली तरी पाऊस पडला की वास अजून यायचाच.

"वास येतोय ना?" संस्कृतीनं विचारलं.

"कसला? मला तर मोगऱ्याचा येतोय." तिच्या केसांत गजरा होता. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि छर्ऱ्यांची डबी उगाचच दोनदा मोजली.

तिनं पाच छर्रे मारले. तोच पुंजका, वर उजवीकडं. नळी मोडून बंदूक टेबलावर ठेवली. ऋषी टेबलाच्या पलीकडं, तिच्या समोर बसला, जसा तो दुकानात गिऱ्हाइकासमोर बसतो. जीभ दातांत धरून टिक... टिक... टिक... सहा टिक सरकवल्या. "मारा आता."

पुढचे पाच कार्डाच्या कडेला गेले. आणखी उजवीकडं! शेवटचा तर कार्डाबाहेर मागच्या फळीत घुसला.

दोघंही कार्डाकडं बघत राहिले. जया मॅडम मागून फिसकन हसल्या. "अरे, ती बंदूक हाय, गिऱ्हाईक न्हाई! समोर बसून तुझी डावी ती तिची उजवी!"

ऋषीनं कपाळावर हात मारला. आठ वर्षं तो लोकांच्या समोर बसून त्यांच्या उजव्या डोळ्याला आपल्या डाव्या हातानं भिंग लावत आला होता. सवय ती सवय! संस्कृती पोट धरून हसली, एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"हसा, हसा," तो म्हणाला. "आता माझ्या बाजूला या... नाही, थांबा, मीच तुमच्या बाजूला येतो."

तो उठून तिच्या शेजारी बसला. आता दोघांची डावी एकच होती. कोपराला कोपर लागत होतं, आणि कुणीच आपला कोपर हलवला नाही.

"डोळ्याला एका वेळी एकच गोष्ट ठळक दिसते," तो हळूच सांगत होता. "माशी ठळक ठेवायची. कार्ड धुरकट दिसलं तर दिसू दे. तू कार्डाकडं बघतेस..."

तो थांबला. 'तू' निसटलं होतं.

"बघतेस, तर बघतेस," ती म्हणाली. "पुढं बोल."

पाच मारायचे, कार्ड बघायचं, दोन टिक, परत पाच. दुपार कधी सरली कळलं नाही. पुंजका हळूहळू डावीकडं खाली येत येत काळ्या गोलात शिरला. ऋषीनं चिठ्ठी काढली. त्यावर छापील रकाने होते: नाव, उजवा डोळा, डावा डोळा, शेरा. नावापुढं त्यानं लिहिलं, 'आबांचा ठिपका', आणि खाली, 'डावीकडे ६, खाली ९'.

पुढचे चारही मंगळवार तो येत राहिला. कधी ओतूरची भेळ घेऊन, कधी नुसताच.

पुण्यात संस्कृतीची राज्यस्पर्धेसाठी निवड झाली, आणि राजुरीतल्या त्या घराला आभार मानायची जी उबळ आली ती काही विचारू नका. तिची आई, उज्ज्वलाबाई, माणूस मनानं समुद्र. पहिल्या दिवशी पेढे गेले. मग टोमॅटोचं क्रेट. मग तूप, मग शेंगा, मग एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाच लिटर दूध, जे जानकूअण्णांनी अख्ख्या आळीला वाटलं. "त्या पोराचे लई उपकार हायेत आमच्यावर," आई भेटेल त्याला सांगायची. "माझ्या पोरीला त्यानं नेम दिला."

त्यातल्या शेवटच्या मंगळवारी ऋषी रेंजवर जायच्या आधी घरी चहाला आला. ओसरीत चपला काढत असतानाच त्याला आतून आवाज आला. आई जया मॅडमशी बोलत होती. "जानकूअण्णांच्या मनात दिसतंय, पोरासाठी आमच्या संस्कृतीला मागणी घालायचं. घातली तर न्हाई कसं म्हनायचं, मॅडम? एवढे उपकार झाल्यावर तोंड उचलंल का? संस्कृती बी न्हाई म्हनायची न्हाई."

ऋषी तसाच उभा राहिला. मग त्यानं चपला परत पायात घातल्या.

पुढच्या मंगळवारी तो आला नाही. फोनवर म्हणाला, दुकानात कामं लई आहेत. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. बुधवारी संस्कृती सरळ ओतूरला गेली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो भिंगाचा एक डबा लावत बसला होता, जो आधीच नीट लावलेला दिसत होता.

"काय झालंय?"

"कुठं काय?"

"ऋषी, माशी ठळक ठेव आणि बोल."

त्याला हसू आलं, पण ते लगेच विरलं. "तुझ्या आई म्हणत होत्या, मी मागणी घातली तर तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. उपकार आहेत म्हणून." त्यानं डब्याचं झाकण लावलं. "मला मागणी घालायची होती, संस्कृती. खोटं कशाला बोलू. पण आता घातली तर तू हो म्हणशील... आणि का म्हणालीस ते मला जन्मभर कळणार नाही. चार स्क्रू फिरवल्याच्या बदल्यात मला तू नकोस."

"बदल्यात?" तिचा आवाज चढला. "मी काय टोमॅटोचं क्रेट आहे?"

"तसं नाही गं..."

पण ती पायऱ्या उतरून गेलीसुद्धा. एसटीत तिला राग आला त्याचा, आईचा आणि पाच लिटर दुधाचा. आळेफाट्याला राग उतरला, आणि त्याच्या जागी एक साधा प्रश्न येऊन बसला. तो म्हणतो ते खरं तर नाही ना? हे नुसते आभारच तर नाहीत?

चार दिवस तिनं हा प्रश्न घोळवला. आभार तर जया मॅडमचेही होते. आभार जानकूअण्णांचे होते, वही जपून ठेवली म्हणून. दरवेळी तिची 'सतार' फुकट वरच्या रॅकवर चढवणाऱ्या कंडक्टरचेही होते. पण कंडक्टर मंगळवारी आला नाही तर जेवण गोड लागत नाही, असं काही तिला होत नव्हतं. उपकार होते, मोठे होते, ते मान्य. त्यांच्या शेजारी दुसरंही काहीतरी होतं आणि ते तिचं स्वतःचं होतं. हे त्याला नुसतं सांगून पटणार नाही. दाखवावं लागेल.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती सकाळी एकटीच शेडमध्ये गेली. जया मॅडमकडून किल्ली घेतली, त्यांना म्हणाली, "आज कुणाला आत सोडू नका." चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि खाच उलट फिरवायला लागली. टिक, टिक. उजवीकडं सहा, वर नऊ. खाच बरोबर लाल ठिपक्यावर येऊन थांबली.

मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक. तिनं दस्ता खांद्याला लावला, मान झुकवली, उजवा डोळा मिटला, आणि डाव्या डोळ्यानं, बंदूक कलती धरून, आबा धरत असतील तशी, एक छर्रा मारला.

कार्ड जवळ ओढून पाहिलं. छर्रा बरोबर मधोमध.

ती कितीतरी वेळ ते कार्ड हातात धरून उभी राहिली. एका डोळ्यानं, कुणाला काही न सांगता, त्यांनी इतकी वर्षं पीक राखलं होतं. "आबा, तुमचा नेम लई भारी," ती मोठ्यानं म्हणाली आणि ओढणीनं डोळे पुसले.

मग नवीन कार्ड लावलं. आता सरळ उभी राहिली, उजव्या डोळ्यानं, स्वतःसारखी. पाच मारले. पुंजका पाहिला. टिक. परत पाच. चिठ्ठीकडं बघितलं नाही, कुणाला फोन केला नाही. एकदा चुकून उलट्या बाजूला फिरवलं आणि एकटीच हसली. नवव्या कार्डावर पाचही छर्रे मधल्या गोलात बसले. तिनं ठिपक्यापासून टिक मोजल्या. डावीकडं सात, खाली आठ.

ऋषीचे सहा आणि नऊ होते. तिचे सात आणि आठ निघाले.

खंडेनवमीला ओतुरातली सगळी दुकानं झेंडूच्या माळांनी पिवळीधमक झाली होती. 'जानकू ऑप्टिकल्स'च्या काउंटरवर पाट मांडला होता, त्यावर बारीक स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, भिंगं ओळीनं मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. ऋषी उदबत्ती लावत होता. जानकूअण्णा पडद्यामागं आरतीचं ताट करत होते. संस्कृती आत आली, तीच काळी पिशवी खांद्याला.

"हिची पण पूजा करायचीय," ती म्हणाली. बंदूक पाटाशेजारी टेकवून तिनं एक फूल वाहिलं. मग वळून म्हणाली, "आता त्या खुर्चीत बस."

"कोणत्या?"

"गिऱ्हाइकाच्या. तुझे डोळे तपासायचेत."

तो गोंधळून बसला. तिनं त्याच्या नाकावरचा चष्मा अलगद काढून घेतला. बोटं त्याच्या कानाला लागली. दोघांनीही ते ध्यानात ठेवलं. मग ती समोरच्या भिंतीपाशी गेली आणि अक्षरांच्या तक्त्यावर एक कार्ड पिनेनं टोचलं. कार्डाच्या पांढऱ्या पाठीवर तिनं ओळी लिहिल्या होत्या, वर मोठ्या, खाली खाली लहान होत जाणाऱ्या.

"वाच."

"तुझे..." पहिली ओळ सोपी होती. "उपकार आहेत. आणि... राहणार आहेत."

"पुढं."

"मी ते... फेडायला..." तो डोळे बारीक करू लागला. "फेडायला आले नाही."

"पुढं."

"दिसत नाही."

"कसा चष्मेवाला आहेस! खुर्ची पुढं घे."

त्यानं खुर्ची ओढली. "नेम काल... मी माझा... लावला. पुढची ओळ खरंच दिसत नाही, संस्कृती. मुंगीएवढी आहे."

"मग जवळ ये."

तो उठला. कार्डापाशी आला, म्हणजे तिच्यापाशीही आला, कारण ती तिथून हलली नव्हती. इतक्या जवळून तिच्या केसांतल्या मोगऱ्याचाही वास येत होता. शेवटची ओळ होती:

मला तू आवडतोस. तुझं काय?

पडद्यामागून जानकूअण्णांचा आवाज आला, "आरं मोठ्यानं वाच की लेका, आम्हाला बी कळू दे!"

संस्कृती लाजली, पण मागं सरली नाही. "तू म्हणालास, मागणी घातलीस तर मी हो म्हणेन आणि का ते तुला कळणार नाही. म्हणून मी हो म्हणायला आलेच नाही. विचारायला आलेय. हो-नाही तू म्हणायचंय आता." तिनं कार्ड काढून उलटं केलं आणि त्याच्या हातात ठेवलं. मधल्या गोलात पाच भोकं, अंगठ्याखाली झाकतील अशी. "खाच परत आबांच्या ठिपक्यावर नेली होती. मग एकटीनं लावली. तुझी एकही टिक घेतली नाय. डावीकडं सात, खाली आठ."

"माझे सहा-नऊ होते," तो कार्डाकडं बघत पुटपुटला.

"ते तुझ्या डोळ्यानं मोजलेले. हा नेम माझ्या डोळ्याचा आहे. आणि याच डोळ्यानं मी तुला बघितलंय, ऋषी. नीट बघितलंय. धुरकट नाय."

त्यानं तिच्या हातातला चष्मा घेऊन घातला. काउंटरमागं गेला, चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं. तिला वाटलं, हा आता कामाला लागतो की काय! त्यानं सावकाश लिहिलं, चिठ्ठी फाडली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली, प्रसाद द्यावा तशी.

नाव: संस्कृती. डावीकडे ७, खाली ८. आणि खाली 'शेरा' या रकान्यात एकच शब्द होता: हो.

"एवढंच?" तिचा आवाज भरून आला होता.

"रकाना लहान आहे," तो म्हणाला. त्याचाही आवाज काही वेगळा नव्हता. "बाकीचं तोंडी सांगतो. मला वाटलं होतं तू आता येणार नाहीस. आलीस... लई उपकार झाले, राव."

"मग पाच लिटर दूध पाठव."

अण्णा आरतीचं ताट घेऊन बाहेर आले ते हसतच. त्यांनी आधी स्क्रू ड्रायव्हर ओवाळले, मग बंदूक, आणि मग, जागा अपुरी पडली म्हणून शेजारी शेजारी उभ्या राहिलेल्या त्या दोघांना.

संध्याकाळी राजुरीला पोचल्यावर संस्कृतीनं दोन्ही चिठ्ठ्या आबांच्या फोटोच्या चौकटीत खोचल्या, एकीशेजारी एक. आई स्वयंपाकघरातून विचारत होती, अण्णांच्याकडं उद्या सोनं द्यायला जाताना काय काय न्यायचं, टोमॅटो की शेंगा. संस्कृतीनं फोटोवरचा झेंडू सारखा केला. फोटोतही आबांची मान किंचित वाकडी होती. इतकी वर्षं बघत होती, आज पहिल्यांदा दिसली.

"आबा," ती हळूच म्हणाली, "खाच वाकडी ठेवलीत... बरं केलंत."